थोरलीचं झाड

माझ्या धाकट्या मावशीनं आयुष्यभर दुसऱ्यांचे दात बनवले. दातांच्या डॉक्टरांना कवळ्या करून देणाऱ्या एका लॅबमध्ये ती एकतीस वर्षं होती. डॉक्टरकडून जबड्याचा ठसा यायचा, ती त्यात प्लास्टर ओतून साचा काढायची, मेणाच्या हिरड्या घडवायची आणि त्यात एकेक दात बसवायची. अगदी सरळ रांगेत कधीच नाही. "खरे दात शेजाऱ्याच्या अंगावर थोडे रेललेले असतात," असं तिचं म्हणणं. रस्त्यात कुणी हसलं, की तिची नजर आधी तोंडाकडे जायची आणि मग माणसाकडे. कधी मला कोपरानं ढोसून हळूच म्हणायची, "वरचे माझे आहेत. खालचे देवानं दिलेले."

लॅबमध्येही तिला सगळे धाकटीच म्हणत. त्याचं कारण थोरली मावशी. थोरली रोज दुपारी लॅबला फोन करायची आणि कुणीही उचलला तरी एकच वाक्य बोलायची, "धाकटीला द्या." साठीला टेकलेल्या बाईला लोक धाकटी म्हणतात याचं त्यांना काही वाटेनासं झालं होतं.

दोघींनी लग्नं केली नाहीत. तिसरी बहीण म्हणजे माझी आई. ती लग्न करून दुसऱ्या शहरात गेली. या दोघी एका जुन्या चार मजली इमारतीत, पहिल्या मजल्यावर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर असलेल्या घरात राहिल्या. थोरली टायपिंग शिकवायची. पुढच्या खोलीत एकेकाळी सहा टाइपरायटर होते. दिवस बदलले, क्लास बंद झाला, पाच यंत्रं गेली आणि एक उरलं. घरात तिचा शब्द शेवटचा असे. दूध किती घ्यायचं, खिडकी कधी लावायची, धाकटीनं कोणती चप्पल घालायची, सगळं तीच ठरवी.

मऊपणा होता तो फक्त एका झाडासाठी. फायकसचं बॉन्साय. सव्वीस वर्षांपूर्वी बोटाएवढी फांदी आणून तिनं ते वाढवलं होतं. उथळ निळ्या कुंडीत वीतभर उंचीचा म्हातारा वृक्ष, जाड बुंधा, फांदीवरून मातीत उतरलेल्या दोन पारंब्या आणि अंगठ्याच्या नखाएवढी चकचकीत पानं. पूर्वेच्या खिडकीत ते असायचं. धाकटीनं त्याला पाणी घालायचं नाही, असा नियम होता. "तुझा हात प्लास्टरचा आहे," थोरली म्हणायची. "ओतायचं म्हटलं की ओतत सुटशील."

थोरली एकाहत्तराव्या वर्षी गेली. हिवाळ्यातली संध्याकाळ होती. धाकटी कामावरून आली तेव्हा ती खुर्चीत बसलेली होती, चष्मा डोळ्यांवर, हात मांडीवर. डॉक्टरांनी मृत्यूचं कारण म्हणून हृदय लिहिलं. आम्हाला नवल वाटलं नाही, कारण शेवटचे दोन महिने तिचं बिनसलेलंच होतं. डोकं धरायची, अन्न नको म्हणायची, आणि स्वयंपाकघरात आई येऊन बसते असं सांगायची. आई, म्हणजे माझी आजी, जाऊन चाळीस वर्षं झाली होती. आम्ही वयावर ढकललं.

झाड धाकटीकडे आलं. ती त्याला घाबरूनच होती. पण हात कसबी होते. ती मातीत लाकडाची काडी खोचून ओल बघायला शिकली, दर आठवड्याला कुंडी थोडी फिरवायला शिकली, पानांवरची धूळ कवळीच्या ब्रशनं पुसायला लागली. उन्हाळाभर झाड मजेत होतं. मला फोनवर सांगायची, "चार नवी पानं. थोरली असती तर म्हणाली असती, उशीर केलास."

मग पुन्हा हिवाळा आला, आणि त्याच सुमारास लॅबमध्ये एक यंत्र आलं. संगणकावर जबडा दिसायचा आणि यंत्र दात कोरून काढायचं. मालकांनी धाकटीला काढलं नाही, पण दुपारनंतर घरी जायला सांगितलं. ज्या म्हाताऱ्यांना जुन्या पद्धतीचीच कवळी हवी असे त्यांचं थोडं काम ती घरी आणू लागली. या कामाला गरम पाणी फार लागतं. दात बसवून झाले की ते प्लास्टरमध्ये रोवून मेण कढत पाण्यानं धुऊन काढावं लागतं. स्वयंपाकघराबाहेरच्या बोळकांडीत भिंतीवर गॅसचा जुना गीझर होता. तो दुपारभर चालू राहू लागला. थंडीमुळे खिडक्या बंद.

पंधरा दिवसांत झाडाची पानं गळायला लागली.

आधी पिवळी पडून गळत होती, तेव्हा ती म्हणाली, ऋतू असेल. मग हिरवी गळू लागली. धडधाकट दिसणारं पान, बोट लावलं की देठासकट खाली. जी फांदीवर टिकली त्यांच्या कडा काळवंडल्या आणि ती खाली वळून मिटल्यासारखी झाली. तिनं पाणी कमी केलं. मग वाढवलं. भिंग लावून प्रत्येक फांदी तपासली, किडीचा पत्ता नाही. साबणाच्या पाण्यानं पुसून पाहिलं. खिडकी बदलली. काही म्हणता काही उपयोग झाला नाही. गळलेली पानं टाकवेनात, म्हणून ती प्लास्टर कालवायच्या रबरी वाडग्यात जमा करत गेली.

आणि एका दुपारी, मेण धुताना, तिला पुढच्या खोलीतून टाइपरायटरचा आवाज आला.

एकच कळ. थांबून आणखी एक. शिकाऊ मुलगी अक्षर शोधत असावी तसा. तिनं नळ बंद केला. आवाज नाही. पुढे जाऊन पाहिलं. यंत्र झाकलेलं, झाकणावर धूळ. कान वाजत असतील म्हणून तिनं सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी आवाज नव्हता, पण बोळकांडीच्या टोकाला कुणीतरी उभं आहे याबद्दल तिला तिळभरही शंका नव्हती. वळून बघितलं तर रिकामी भिंत. "दिसलं नाही गं काही," ती पुढे मला म्हणाली. "पण आपण खोलीत एकटे नसलो की पाठीला कळतं ना, तसं."

ती भित्री नव्हती. घाबरली ती थोरलीची वही वाचल्यावर. म्हणजे वही नव्हे, टाइप केलेले कागद. थोरली झाडाची रोज एक ओळ टाइप करून ठेवायची. मागच्या हिवाळ्यात तिनं झाडाची निगा कशी राखली ते बघावं म्हणून धाकटीनं गठ्ठा सोडला. त्यात असं होतं:

पाणी दिलं नाही. माती ओली. नऊ पानं गळली.

पाणी थोडं. चौदा पानं. आई आली होती. स्वयंपाकघरात बसली. बोलली नाही.

अकरा पानं. डोकं दुखतं. आई बोळकांडीत उभी.

सहा पानं. आई खोलीच्या दारात.

आणि जाण्याच्या आदल्या दिवशीची ओळ: पानं मोजली नाहीत. आई उठून माझ्या खुर्चीमागे आली.

धाकटीनं कागद होते तसे बांधून ठेवले. तोपर्यंत तिच्या घरातलं ते जे काही होतं, ते बोळकांडीतून पुढच्या खोलीच्या दारापर्यंत आलेलं होतं.

हे तिनं कुणालाच सांगितलं नाही. फक्त झाड उचलून लॅबमध्ये नेलं. तिथे तिच्या शेजारच्या टेबलावर एक जुना कारागीर बसायचा. चिनीमातीचे दात भाजायचा, म्हणून त्याला सगळे पोर्सेलीन म्हणत. त्यानं झाडाकडे पाहून तोंड वाकडं केलं.

"धाकटे, हे झाड आहे की मासळीचा काटा?"

"थोरलीचं आहे. घरी राहीनासं झालंय."

"मग बरोबर आहे," तो म्हणाला. "ती तुझ्यावर रागावली असणार. पाणी ओतलंस ना?"

ती हसली नाही, म्हणून त्यानं उठून कुंडीपुरती जागा करून दिली. तीन आठवडे झाड लॅबच्या खिडकीत राहिलं. प्लास्टरची धूळ, यंत्राची घरघर, कुणाचं लक्ष नाही. तरी फांद्यांच्या टोकांना लालसर कोंब फुटले आणि बारीक पानं उलगडली. धाकटीला रडू आलं. ती झाड घरी घेऊन गेली. चौथ्या दिवशी दुपारी सगळी नवी पानं कुंडीत पडलेली होती.

"मला वाटलं, थोरलीला झाड घरात नकोय," ती नंतर मला म्हणाली. "की मी घरात नकोय. काय ते कळेना."

त्याच आठवड्यात रविवारी मी तिच्याकडे गेले. मी त्याच शहरात, पण पार दुसऱ्या टोकाला राहायचे. महिन्यातून एखादी चक्कर व्हायची. तिनं दार उघडलं. मावशीचा चेहरा सुजट दिसत होता, गाल मात्र लालबुंद. रविवार असूनही काम काढून बसली होती. मेणाचा वास, गीझरची हलकी भगभग, बंद खिडक्या. तिनं चहा आणला. तीन कप.

"आणखी कोण येणार आहे?" मी विचारलं.

तिनं ट्रेकडे बघितलं, जणू तो दुसऱ्याच कुणीतरी भरला होता. "चुकून आला," म्हणाली, पण तिसरा कप परत नेला नाही.

आम्ही तासभर बोललो असू. माझं डोकं जड व्हायला लागलं. झाड खिडकीत होतं, जवळजवळ उघडं. मी त्याच्याकडे बघत असताना माझ्या मागे, थोरलीच्या खुर्चीच्या बाजूला, कुणीतरी श्वास सोडला. थकलेल्या बाईनं बसताना सोडावा तसा. मी वळले नाही. मावशीकडे पाहिलं. ती माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. ओळख होती.

"ऐकलंस?" तिनं हळूच विचारलं.

"काय?"

"म्हणजे ऐकलंस."

मग तिनं मला सगळं सांगितलं. कागद दाखवले. शेवटची ओळ वाचताना मला मळमळून आलं आणि ते भीतीनंच आलं असं मी धरून चालले. मी उठले आणि म्हणाले, "मावशी, हे झाड आत्ताच्या आत्ता घराबाहेर काढू." माझा रोख झाडावरच होता, हे मी कबूल करते. मला वाटत होतं, जे काही आहे ते त्या निळ्या कुंडीतून येतंय.

आम्ही रिक्षा करून झाड एका रोपवाटिकेत नेलं. तिथला माळी म्हातारा होता, थोरली त्याच्याकडूनच माती नेई. रिक्षातल्या वाऱ्यानं माझं डोकं बरंचसं हलकं झालं होतं, पण ते माझ्या लक्षात आलं नाही. माळ्यानं चष्मा कपाळावर चढवून झाड जवळून पाहिलं. नखानं सालीला ओरखडा काढला. आत हिरवं होतं आणि पांढरा चीक आला. मुळं पाहिली, पानाचा मागचा भाग पाहिला. मग कुंडी खाली ठेवून तो मावशीकडेच बघत राहिला.

"ताई, झाड निरोगी आहे," तो म्हणाला. "घरात काय जळतं?"

"म्हणजे?"

"शेगडी, हिटर, काही? धूर कुठे जातो त्याचा?"

"गीझर आहे गॅसचा. धूर नाही होत त्याला."

"दिसत नाही, होतो." त्यानं हात पुसले. "मी तरुणपणी काचघरात कामाला होतो. थंडीत रोपांसाठी आत स्टोव्ह लावायचे. एकदा धुराडं तुंबलं. सकाळी बघतो तर सगळ्या रोपांची पानं अशीच खाली वळलेली, निम्मी गळलेली. आणि राखणदार कोपऱ्यात बसून हसत होता. म्हणे रात्रभर माझा भाऊ गप्पा मारत होता. त्याचा भाऊ तर कधीच मेलेला." त्यानं मावशीच्या लाल गालांकडे पाहिलं. "ताई, तुमचं डोकं दुखतं का?"

मावशीनं माझा हात धरला.

गीझर दुरुस्त करणारा दुसऱ्या दिवशी आला. त्यानं दारातच खिडक्या उघडायला लावल्या आणि गीझर पेटवून त्याच्याजवळ उदबत्तीसारखी धुराची कांडी धरली. धूर पाइपात वर जायला हवा होता. तो उलटा आमच्याकडे आला. दुरुस्तीवाल्यानं गीझर लगेच बंद केला आणि स्वयंपाकघराच्या गॅलरीत गेला, जिथे तो पाइप भिंतीतून बाहेर येतो. पक्कड आत घालून तो ओढू लागला. काहीतरी जाड, काळं, काजळीनं माखलेलं गुंडाळं निघालं.

"हे कुणी कोंबलं इथे?" तो ओरडला. "पाखरांचं काम नाही हे."

त्यानं ते गॅलरीत पसरलं. दाट लोकरी नमद्याचा चौकोनी तुकडा होता. एका बाजूनं जळून कोळपलेला. धाकटीनं वाकून त्यावरची काजळी अंगठ्यानं पुसली. तिथे चार कोपऱ्यांना चार गोल खळगे होते.

"टाइपरायटरखालचा आहे," ती म्हणाली. "त्याचे पाय रुतलेत."

मग तिला आठवलं. मागच्या हिवाळ्याच्या सुरुवातीला वारा सुटला की तो पाइप शीळ घालायचा. थोरलीला तो आवाज सहन होत नसे. "कोण बावळट शिट्ट्या मारतंय दिवसभर," असं ती चिडून म्हणायची. पुढे आवाज बंद झाला. कसा, ते धाकटीनं विचारलंच नव्हतं.

दुरुस्तीवाला समजावत होता. वास नसलेला विषारी वायू असतो, डोकं धरतं, भास होतात, माणूस बसल्या जागी झोपतो ते उठत नाही. बोळा सैल होता म्हणून तुम्ही वाचलात, कडेनं थोडं बाहेर जात होतं. मी मान हलवत होते. मावशी त्याचं ऐकत नव्हती. ती मनाशी हिशेब लावत होती: मागच्या हिवाळ्यात ती दिवसभर लॅबमध्ये असायची. थोरली दिवसभर घरात.

"मी रोज सकाळी आंघोळ करून जायचे," ती म्हणाली. "आणि गीझर तसाच चालू ठेवायचे. तिला भांडी घासायला गरम पाणी लागतं म्हणून."

डॉक्टरांनी हृदय लिहिलं होतं आणि ते खरंही असेल. आता कळायला मार्ग नाही. मावशीनं माझ्या आईला फोन करून सगळं सांगितलं, काही न लपवता. आई म्हणाली, "तू जिवंत आहेस ना? मग पुरे."

गीझर बदलला. खिडक्या थंडीतही बोटभर उघड्या राहू लागल्या. झाडाला महिन्याभरात पालवी फुटली आणि ती टिकली. मावशीची डोकेदुखी गेली, चेहऱ्याची सूज उतरली, भूक लागू लागली. मी तिला फोनवर विचारलं, "आता येतं का काही ऐकू?"

"नाही," ती म्हणाली. मग पुढे बोलली, "घर इतकं रिकामं आहे हे मला माहीतच नव्हतं गं. ती गेली तेव्हा मी रडले, लॅबला गेले, काम केलं. मग ती परत आली. आता पुन्हा गेली आणि या वेळी मीच काढून दिली."

त्यानंतर तिनं एक गोष्ट केली, जी तिच्या स्वभावात बसत नव्हती. इतक्या वर्षांत इमारतीत कुणाशी जिन्यावरच्या हसण्यापलीकडे संबंध न ठेवलेली ही बाई दुरुस्तीवाल्याला घेऊन दारोदार गेली. सगळ्यांकडे तेच जुने गीझर, तेच पाइप. लोक आधी वैतागले, मग घाबरले, मग चहा पाजू लागले. सोळा घरांत दोन पाइप तुंबलेले निघाले. एक तळमजल्यावरच्या बाळंतिणीच्या घरात. तिच्या नवऱ्यानं मावशीचे पायच धरले.

दुसरा तिसऱ्या मजल्यावरच्या एका निवृत्त पोस्टमास्तरांकडे. ते एकटे राहत. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. त्यांनी दार अर्धंच उघडलं. त्यांचेही गाल लाल होते. दुरुस्तीवाल्यानं पाइपात पाखराचं घरटं आहे, खालून दिसतंय, म्हणून सांगितलं, काढायला दहा मिनिटं लागतील म्हणाला.

"राहू द्या ते," पोस्टमास्तर म्हणाले.

"अहो आजोबा, जिवाचा धोका आहे."

"मला काही त्रास नाही. तुम्ही जा."

दुरुस्तीवाला वाद घालू लागला, तेव्हा मावशीनं त्याला बाजूला केलं. दारातून आतलं टेबल दिसत होतं. दोन ताटल्या मांडलेल्या होत्या. ती पोस्टमास्तरांना म्हणाली, "दुपारी येतात का त्या?"

ते तिच्याकडे बघत राहिले. मग मान हलली, अगदी थोडी.

"बोलतात?"

"नाही. पण बसते."

"माझी पण बसायची," मावशी म्हणाली. "आधी लांब. मग जवळ येत गेली. तुमची कुठपर्यंत आलीय?"

पोस्टमास्तर आत टेबलापाशी गेले. त्यांनी नुसता हात आपल्या खुर्चीच्या पाठीवर ठेवला.

मावशीनं दाराला खांदा लावला, आत गेली, आणि एकेक करून घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. म्हातारा मध्येच उभा राहून लहान मुलासारखा रडत होता. दुरुस्तीवाल्यानं घरटं काढलं. ती शेवटपर्यंत तिथे थांबली, त्यांचा हात धरून. ते तिच्याशी त्या दिवसापासून एक शब्दही बोललेले नाहीत. जिन्यात समोर आले की तोंड फिरवतात. तब्येत मात्र सुधारली आहे, असं ती सांगते, आणि त्यांच्या खिडक्या उघड्या आहेत की नाहीत हे बघायला रोज दुपारी तिसऱ्या मजल्यावर एक फेरी मारते.